ब्रेक कधी ओढायचा

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी काही लिहिलं गेलं ते तहसील कचेरीतले अर्ज, आणि तेही पौडच्या स्टँडसमोर बसणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेले. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. तेवढ्या जोरावर लोकांनी आपलं वाचावं असं म्हणणं आगाऊपणाचं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण मी काही वर्षं माणसांना उडायला शिकवलं, आणि वाईट शिकवलं. हे माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगणार नाही.

कासार आंबोलीच्या मागच्या टेकडीवर पॅराग्लायडिंगचा वर्ग चालायचा. गावात त्याला ‘छत्र्या’ म्हणत. भात कापून झालं की आमचं खाचर उतरण्यासाठी दिलेलं असे, म्हणून वर्ग चालवणाऱ्या सरांनी मला फुकट शिकवलं. तेव्हा आम्ही चौघेच होतो. उडण्यापेक्षा उतरणं अवघड. जमीन जवळ आली की बैठकीतून उभं व्हायचं आणि दोन्ही हातांतले ब्रेक, म्हणजे छत्रीच्या मागच्या कडेच्या दोऱ्या, एकदम खाली ओढायचे; मग छत्री थबकते आणि पाय अलगद टेकतात. लवकर ओढलं तर उंचावरून पडायला होतं, उशिरा ओढलं तर आपटायला. नेमकं कधी ओढायचं ते सर कधीच सांगत नसत. आम्हाला अगदी ठेंगण्या उतारावरून सोडत. आपटलो की एकच शब्द बोलत, “पुन्हा.” महिनाभर मी तो शब्द ऐकला. एके दिवशी मी नीट उतरलो, तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. माझे डोळे आणि माझे हात, एवढंच होतं.

पुढे हिंजवडीकडे कंपन्या वाढल्या. महाळुंग्याच्या नव्या फ्लॅटांतली माणसं शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येऊ लागली. चाराचे सोळा झाले. सरांनी रेडिओ आणले आणि मला शिक्षक केलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सोळा जणांना दोन आठवड्यांत तयार करायचं, तर ‘पुन्हा’ म्हणायला वेळ कुठला? मी खाचरात उभा राहून रेडिओवर सांगायचो, “डावीकडं घ्या... सरळ... थांबा, थांबा... ओढा!” माणूस पायांवर उतरायचा. टाळ्या, फोटो. आमच्याकडे कुणाचं हाडही मोडत नाही, असं सर सगळ्यांना सांगत. मलाही वाटायचं की वर्ग वाढला म्हणजे मी चांगला शिकवतो.

आणि एक सांगायला लाज वाटते. कॉलेजात इंग्रजीत प्रश्न आला की माझी मान खाली जायची. इथे इंग्रजीत बोलणारी माणसं माझ्या एका शब्दावर हात वरखाली करायची. सगळ्यांचे रेडिओ एकाच चॅनेलवर असत. एकाला हाणलेला टोमणा सगळ्या टेकडीला ऐकू जाई. “अवो, पळा की! हापिसात चहा आणायला निघाल्यावानी काय चालताय!” सगळे हसत. पुढचा नंबर आपला लागू नये म्हणून हसत असतील, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यातल्या एका बॅचमध्ये नांदेडकडचे एक गृहस्थ होते. चाळिशी ओलांडलेले, एका कंपनीत ड्रॉइंगच्या खात्यात. सगळे त्यांना काका म्हणत. मी सांगेन ते वहीत उतरवून घ्यायचे. शेवटच्या रविवारी सकाळी ते माझ्याजवळ आले.

“सर, एक विचारू? मी उतरतो तेव्हा जमीन किती खाली आहे, हे मला कळतच नाही. तुम्ही ‘ओढा’ म्हणता, मी ओढतो. मला एक आठवडा जास्त येऊ द्या. खालच्या उतारावर, रेडिओ बंद करून.”

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच मला राग आला. मी रेडिओचं बटण दाबलं.

“ऐका मंडळी, काकांना आता आपली गरज न्हाई. काका एकटे उडणार हायेत. काका, काकूंची परवानगी आणलीय का?”

वरून हसण्याचा आवाज आला. काकाही हसले आणि छत्री उचलून टेकडी चढू लागले.

त्यांची पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखं सांगत त्यांना खाचरापर्यंत आणलं आणि शेवटी गप्प बसलो. ते येत होते. बैठकीत बसलेलेच होते, पाय पुढे, हात वर. तोंड जमिनीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. मी बटणावरचा अंगठा काढून घेतला. ते भाताच्या धसकटांवर बुडावर आपटले.

मी पळत गेलो नाही. चालत गेलो.

“काय काका, कळली का जमीन?”

पुन्हा हशा. त्यांना काही क्षण श्वासच घेता येईना. मग ते उठले, पँट झटकली. “नको सर,” म्हणाले, “रेडिओ राहू द्या.”

“आता कसं!” मी म्हणालो.

संध्याकाळी मी त्यांच्या उड्डाणांच्या नोंदीच्या पुस्तकात ‘स्वतंत्र उड्डाणास योग्य’ या ओळीखाली सही केली. ते योग्य नाहीत हे मला सही करताना माहीत होतं. पण त्यांना थांबवलं असतं, तर बाकीच्या पंधरांनाही काही येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. शनिवारी पुढचे सोळा येणार होते.

दोन वर्षांनी पौडच्या तहसील कचेरीत त्याच बॅचमधला एक जण भेटला. जमिनीच्या कागदासाठी आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, “सर, काकांचं कळलं ना?”

“न्हाई. काय झालं?”

“साताऱ्याकडे एका टेकडीवर गेले होते, मागच्या हिवाळ्यात. तिथल्या लोकांनी पुस्तकातली सही बघितली आणि डायरेक्ट वरून सोडलं. रेडिओ वगैरे काही नव्हता. हात शेवटपर्यंत वरच होते म्हणे, ब्रेक ओढलाच नाही. मणका गेला. कमरेखाली काहीच नाही आता. नांदेडला भावाकडे असतात, काकू करतात सगळं.”

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का.

“बोलले ना. मी फोन केला होता. म्हणाले, सर भेटले तर सांग, त्यांनी छान शिकवलं होतं. मलाच जमलं नाही.”