पंधराव्या लेव्हलचं रूट कार्ड

मला कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे मोशीच्या त्या गच्चीवरच्या खोलीत पहिल्याच दिवशी फजिती झाली, तेव्हा दिघीत घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवर स्वतःशीच भांडत होते.

खेळ असा. एक जण गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी कागदावर आपापलं एक पात्र बनवलेलं असतं. त्याने काय करायचं ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्र पहिल्या लेव्हलपासून हळूहळू वाढत जातं. ही मंडळी सहा वर्षं खेळून पंधराव्या लेव्हलला पोचली होती. त्यातल्या एकाची बंगळूरला बदली झाली आणि चाकणच्या आमच्या कंपनीतल्या मित्राने मला त्या रिकाम्या जागेवर नेलं. म्हणजे मला थेट पंधराव्या लेव्हलचं पात्र बनवायचं होतं.

बनवलं की! पुस्तकातली सगळ्यात जबर जादू वेचून घेतली. आग, वीज, उडणं, गायब होणं. आठ पानं भरली. आणि माझी पाळी आली तेव्हा मी पानंच उलटत बसले. काय वापरावं सुचेना, बाकीचे घड्याळं बघायला लागले. शेवटी घाईघाईत आगीचा लोळ सोडला तो आमच्याच दोघांवर. बिचारे मरता मरता वाचले.

खेळ चालवणारे दादा मूळचे मोशीचे. शेतात इमारती आल्या, बोली तीच राहिली. म्हणाले, “ताई, राग मानू नका. तुमची बाई कागदावर लय भारी हाय, पण आतनं रिकामी हाय. पुढच्या रविवारी शेवटची लढाई. ह्या पोरांची सहा वर्सं हायेत त्यात. तवा बी असंच झालं, तर मग तुमी नुसतं बगायला या.”

नुसतं बघायला! मला!

घरी आल्यावर मी ती पानं पप्पांपुढे टाकली. पप्पांचा उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. चष्मा लावून त्यांनी आठही पानं चाळली आणि विचारलं, “हिचं रूट कार्ड कुठंय?”

कारखान्यात प्रत्येक जॉबबरोबर, म्हणजे घडत असलेल्या सुट्या भागाबरोबर, एक कार्ड फिरतं. एका ऑपरेशनचा शिक्का पडल्याशिवाय जॉब पुढच्या मशीनवर जात नाही. मी क्वालिटीत आहे, दिवसभर तेच तपासते.

“थेट पंधरावं ऑपरेशन? मधले चौदा शिक्के कुणी मारले? असा जॉब तू पास केला असतास का?”

मी एक कोरं कार्ड काढून पप्पांपुढे ठेवलं.

मग आठवडाभर संध्याकाळच्या चहाला आमचं हेच. कार्डावर पंधरा रकाने. मी सांगायचं, पटलं तरच पप्पांनी सही करायची. पहिली लेव्हल, नदीवर नाव चालवणारी पोर. सही झाली. दुसरी, ती वीज पाडायला शिकते.

“कालची नावाडीण आज वीज पाडणार? पुरात नाव बांधायची गाठ शिकली का आधी?”

“पप्पा, लढाईत गाठ काय चुलीत घालायचीय?”

“मग सही नाही.” पेन खिशात गेलं.

मी चरफडत गाठ लिहिली. असं करत पंधराव्यापर्यंत पोचलो. आठ पानांचं एक पान उरलं, पण त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता.

रविवारी लढाई ऐन रंगात आली आणि दादांनी हळूच सांगितलं, “ह्या गुहेत जादू चालत न्हाई.” सगळ्यांचे चेहरे पडले. समोरचा दुष्ट मांत्रिक आपल्या पंखवाल्या जनावरावर चढला. तो उडाला की सहा वर्षं पाण्यात. पाळी माझी.

मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. “दादा, गाठ चालते का?”

“कसली गाठ?”

“दुसऱ्या लेव्हलची. पुरात नाव बांधायची. दोर जनावराच्या पायात टाकते आणि दुसरं टोक खांबाला.”

मी पुढे केलेलं कार्ड बघून दादा हसले. “चालती की! चौदाच्या वर पाडा.”

सतरा! जनावराने झेप घेतली, दोर ताणला, गाठ सुटली नाही. मांत्रिक धाडकन खाली आला आणि आमच्या पोरांनी त्याला तिथंच उरकला. मग जो काही कल्ला झाला! “ताई, विषय हार्ड!” खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या. आणि मी सगळ्यांसमोर रडत होते, आनंदाने. जिंकले होते मी, राव!

दादा म्हणाले, “समदे सोळाव्या लेव्हलला. ताई, पुढच्या रविवारी नवी गोष्ट, येळेवर या.”

घरी आल्या आल्या मी कार्डावर सोळावा रकाना आखला आणि पप्पांपुढे धरला.

“हिथं काय शिकली?”

“बापाचं ऐकायला.”

पप्पांनी पेन काढलं, टोपण उघडलं. मग पेन खिशात ठेवत म्हणाले, “हे पक्कं झालंय का ते बघू. मग सही.”