टाळीभाऊंचा उजवा हात

देवाने माणसाला हसू दिले ते फुकट दिले आणि केव्हाही यावे म्हणून दिले. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत मात्र ते वेळेवर यावे लागते, आणि वेळेवर आणण्याची नोकरी टाळीभाऊंकडे होती.

कार्यक्रम होता धंदा ओळखण्याचा. एक साधा माणूस पाहुणा म्हणून खुर्चीवर येऊन बसे. त्याचा धंदा पाटीवर लिहून प्रेक्षकांना दाखवलेला असे. लांब मेजामागे बसलेल्या तीन नामवंतांना तेवढा तो ठाऊक नसे. त्यांनी प्रश्न विचारायचे, पाहुण्याने हो किंवा नाही म्हणायचे. आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, एका लाकडी खोक्यावर, प्रेक्षकांकडे तोंड करून टाळीभाऊ उभे. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला की हशा पिके, डोक्यावर गेला की टाळ्यांचा कडकडाट होई, छातीशी आला की सारे चिडीचूप. त्यांचे खरे नाव फाटकावरच्या रखवालदारालाही आठवत नसे.

त्या खोक्यावर उभ्या उभ्या त्यांचे केस पिकले. मान जराशी वळवली की मेजाची मागची बाजू दिसे. जगाला दिसत नाही ती. घरी बायको विचारी, "अमका पडद्यावर इतका गोड, मग तुमच्या खेळात नकोसा का होतो हो?" टाळीभाऊ म्हणत, "तो विनोद करतो तेव्हा बघतो कुणाकडे, ते बघ." आबांची नजर पाहुण्याकडे असे. आबा म्हणजे रंगभूमीवरचे जुने विनोदी नट, मेजाच्या डाव्या टोकाला बसणारे. त्यांनी कुणाची थट्टा केली तरी त्या थट्टेत पाहुण्याला बसायला पाट मांडलेला असे. उजव्या टोकाला सिनेमातले नायकसाहेब. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर; पाहुणा त्यांना पायरीसारखा लागे, वर चढण्यापुरता. लोक त्यांना कंटाळत आणि तरीही पाहत. पण टाळीभाऊंना त्यांचा राग कधी पुरता आला नाही. कारण मेजाखाली, जरा कुठे शांतता पसरली की, नायकसाहेबांचा गुडघा थरथरू लागे. एवढा देखणा, एवढा लाडका माणूस, आणि क्षणभराच्या शांततेला भिणारा. अशा वेळी टाळीभाऊ हात वर करीत. विनोद पडला तरी हशा होई, गुडघा थांबे. ती त्यांची दयाच होती म्हणा ना; आणि दयेची सवय झाली.

मग एकदा पाहुणी म्हणून ताईला बोलवायचे ठरले. टाळीभाऊंची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून लहानाचे मोठे केले. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या घडवी. मेणाच्या साच्यात एकेक दात बसवी, उजेडाला धरून पाही, पुन्हा काढी, पुन्हा बसवी. बोलणेही तसेच. प्रश्न विचारला की आधी तो मनाच्या उजेडात धरी, मग उत्तर देई. शाळेत याच सबुरीपायी वर्ग तिच्यावर हसे, म्हणून तिने शाळा सोडली होती.

"मला नको रे बारक्या," ती म्हणाली. "लोक हसले की माझी जीभच उचलत नाही."

"ताई, मी समोर उभा असणार. हसू माझ्या हातात असतं. तुझ्यावर कुणी हसणार नाही, शब्द देतो."

"तुझ्या हाताचा शब्द?"

"याच हाताचा."

त्या एका शब्दावर ताई आली. इस्त्रीचे लुगडे नेसून, खुर्चीच्या कडेला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली. तिची भीती किती, हे तिथे एकालाच ठाऊक होते, आणि तो खोक्यावर उभा होता.

मधल्या खुर्चीतल्या गायिकाबाईंनी विचारले, "काम हातांनी करता?"

ताईने विचार केला. "हो. बहुतेक हातांनीच."

मग नायकसाहेब. "तुम्ही बनवता ती वस्तू लोक घरी घेऊन जातात?"

ताई विचारात पडली. नेतात खरे, पण तोंडात बसवून नेतात. त्याला घेऊन जाणे म्हणावे का? प्रश्न सोपा नव्हता, आणि खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते. शांतता पसरली. मेजाखाली गुडघा थरथरू लागला.

"बाई, उत्तर इथं देता की टपालानं पाठवता?"

आणि टाळीभाऊंचा हात वर गेला. त्यांनी नेला नाही, तो गेला. इतक्या वर्षांचा शिकलेला हात, थरथरता गुडघा दिसला की उठणारा. बाकांवर हशा उसळला. ताईने नायकसाहेबांकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने मान वळवली आणि त्या हाताकडे पाहिले. लहानपणी याच हाताचे बोट धरून तिने रस्ते ओलांडले होते.

तिचे ओठ मिटले ते मिटलेच.

हशाची चव लागलेले नायकसाहेब रंगात आले. "सावकाश, बाई. माझी मुलगी अजून रांगते आहे. तिच्या लग्नापर्यंत कळवा म्हणजे झालं."

हात पुन्हा कमरेपर्यंत आला. टाळीभाऊंनी तो डाव्या हाताने मनगटाशी धरला आणि चुकार वासराला गोठ्यात घालावे तसा खिशात घातला. दोनचार जण फिसकन हसले आणि एकमेकांकडे पाहून गप्प झाले. कॅमेऱ्यामागून निर्मातीबाई खुणा करू लागल्या, वर करा, वर करा. नायकसाहेबांनी खोक्याकडे पाहिले. खोक्यावर कुणी असते हे जणू त्यांना तेव्हाच कळले. भगवंता, काय ती शांतता! पण टाळीभाऊंचा हात खिशाबाहेर आला नाही.

ताईची नजर मघापासून आपल्या तोंडाकडे जाते, हे आबांनी हेरले होते. त्या शांततेत ते मेजावर कोपरे टेकून पुढे झुकले. "ताई, मला सांगा, ही वस्तू माणूस रात्री कुठं ठेवतो?"

"आबा, हो किंवा नाही असाच प्रश्न हवा," सूत्रसंचालक म्हणाले.

"म्हातारा आहे मी. एक नियम माझ्यासाठी वाकवा." एवढे बोलून आबा थांबले. थांबले म्हणजे खरेच थांबले. सकाळपर्यंत बसायची तयारी असलेल्या माणसासारखे, ताईच्या तोंडाकडे मायेने पाहत.

ताईने प्रश्न उजेडात धरला. "पाण्यात," ती म्हणाली. "स्वच्छ पाण्यात. वाळू देऊ नये."

पाटी वाचलेले बाक खदखदले. कुणी हात वर केला नव्हता. हसू आपल्या पायांनी चालत आले, आणि पाठोपाठ आणखी आले. ताई दचकली, मग तिला कळले की हे हसणे तिच्या बाजूला येऊन बसले आहे.

आबांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकले. "आणि सकाळी ती वस्तू हसते का हो?"

"माणूस हसला, तर हसते."

आबांनी पंजाने आपले तोंड झाकले. "ताई, हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. या दोघांना सांगू नका."

गायिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. नायकसाहेब आधी आबांकडे, मग ताईकडे पाहत राहिले, आणि लाल दिवा विसरून पोट धरून हसले. टाळीभाऊंनी मेजाखाली पाहिले. गुडघा स्थिर होता.

खेळ संपल्यावर निर्मातीबाईंनी गाठलेच. "हाताला काय झालं होतं?"

"काही नाही, बाई. खिशात ठेवला."

"पुन्हा ठेवलात तर तो घरीच ठेवा."

"बरं," टाळीभाऊ म्हणाले, आणि ताईला शोधायला निघाले.

ती व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टाळीभाऊ समोर उभे राहिले. "ताई, हात सवयीनं गेला गं."

"दिसलं मला."

पुढे ती बोलेना. टाळीभाऊंच्या तोंडाशी दहा सबबी आल्या; त्यांनी एकही बाहेर काढली नाही. आबांसारखे ते थांबले.

"पहिल्यांदा वर गेला तेव्हा वाटलं, उठून जावं," ताई अखेर म्हणाली. "मग तो खिशात गेलेला पाहिला. म्हटलं, बसू या." तिने पिशवी त्यांच्यापुढे धरली. "घे. आणि आबांना निरोप दे, त्यांची खालची कवळी सैल झालीय. बोलताना टकटक वाजते. दवाखान्यात या म्हणावं, मी नीट बसवून देते."

टाळीभाऊंनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तिच्यापुढे केला. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने त्याचे बोट धरले, उठली, आणि दोघे सावकाश रस्ता ओलांडायला निघाली.