कंप्रेसरचं स्टिंग ऑपरेशन

आधी चहा येऊ द्या, मग ऐका. आजवर मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या. ही माझी स्वतःची आहे. ती कुठेच छापून आली नाही, कारण इथल्या बातम्या पेपरला मीच पाठवतो!

मे महिना होता. आमच्या सिंदेवाहीत त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतं. आणि गावात ज्याच्या त्याच्या गाडीचा एसी बंद पडत होता. गॅरेजवाला गजूभाऊ सगळ्यांना एकच सांगायचा: कंप्रेसर गेला, नवीन टाका. शेजारच्या गुरुजींचा गेला. बियाणंवाल्याचा गेला. दूधवाल्याच्या जावयाचा गेला. एकाच उन्हाळ्यात एवढे कंप्रेसर मरतात कसे? साथ आली होती की काय? माझ्या डोक्यात मथळा लगेच तयार झाला. बातमी तेवढी शोधायची राहिली होती.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून अभ्यास केला. विद्या सोपी आहे हो. कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो. मग तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत जातो, तिथं त्याला पंखा निववतो, आणि पुढे मोकळा सुटला की तो गारठतो. त्याच गारव्याची हवा आपल्या तोंडावर येते. पंख्याचा भाग आला तेव्हा मी व्हिडिओ जरा पुढे सरकवला. पंख्यात काय शिकायचं?

माझी योजना ऐका. बॉनेटखाली एका डब्यात काड्यापेटीहून लहान, काळ्या ठोकळ्यांची रांग असते. त्यांना रिले म्हणतात. कंप्रेसरचा रिले काढला की त्याला वीज मिळत नाही. एसी बंद, पण कंप्रेसर ठणठणीत. अशी गाडी घेऊन गॅरेजात जायचं. प्रामाणिक माणूस म्हणेल, रिले नाही. चोर म्हणेल, कंप्रेसर गेला. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. आहे की नाही बिनतोड?

सकाळी अंगणात मी एक रिले उपटला, एसी लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. थोड्या वेळात गरम हवा यायला लागली. झालं काम. रिले रुमालात बांधून खिशात टाकला आणि साक्षीदार म्हणून बायकोला सोबत घेतलं. सुनंदाला मूल गावी बहिणीकडे जायचं होतं. वाटेत दोन मिनिटांचं काम आहे, एवढंच मी तिला सांगितलं. एसीचं बटण चालूच ठेवलं. रोगी आहे त्या अवस्थेत डॉक्टरपुढे न्यायला नको?

गाडीनं वेग घेतला तशी ती म्हणाली, "अहो, थंडं येऊन राह्यलं की."

"भास आहे. एसी बंद आहे."

"माह्या हाताले गार लागून राह्यलं."

घामावर वारा लागला की तसंच वाटतं, हे मी तिला शास्त्र लावून समजावलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली की मी शास्त्र काढलं की ती खिडकीबाहेर पाहते.

पुढे रेल्वेफाटक लागलेलं. कोळशाची मालगाडी, शेवटचा डबा काही दिसेना. आम्ही उन्हात उभे, इंजिन चालू. आता हवा पुन्हा गरम झाली, आणि एकाएकी समोरून फुस्स असा लांबलचक आवाज आला. काय झालं, सुनंदानं विचारलं. बाजूच्या ट्रकचे ब्रेक, मी म्हटलं. मग पट्टा किंचाळायला लागला. तोही मी ट्रकच्याच खात्यावर टाकला.

गजूभाऊचं गॅरेज फाटकापलीकडेच. हा माणूस बोलण्यात माझ्या तोडीचा. नुसत्या आवाजावरून रोग ओळखतो असं गावभर सांगत फिरतो. त्यानं बॉनेट उघडलं, पट्ट्याची किंचाळी ऐकली, गाडी बंद करवून कंप्रेसरचं तोंड हातानं फिरवून पाहिलं. फिरेना.

"कंप्रेसर गेला," तो म्हणाला. "नवीन टाका."

खरं सांगतो, लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मी मोबाइल बाहेर काढला आणि गजूभाऊच्या तोंडासमोर धरला. आवाज असा लावला की चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. गावाला लुटणं आज बंद होणार, उद्या तुझा फोटो छापतो, दुकानाला कुलूप लागलेलं पाहतो, असं बरंच काही बोललो. चोर हा शब्द तर किती वेळा आला, देव जाणे.

गजूभाऊनं हात पुसले. "भाऊ, माह्या दुकानापुढं, माह्या गिऱ्हाइकापुढं तुम्ही मले चोर म्हणून राह्यले. उद्या इथी कोण गाडी आणीन? आता सिद्ध करा, नाई तं गाडी इथीच राहीन अन् तुम्हीबी."

याच क्षणाची मी वाट पाहत होतो. रुमाल सोडला. "हा रिले. सकाळी मीच काढला. बसव आणि लोकांना दाखव कंप्रेसर चालतो की नाही."

त्यानं डब्यातल्या रिकाम्या घरात रिले बसवला, गाडी चालू केली. जाळीमागचा पंखा भर्रकन फिरायला लागला. कंप्रेसर जागचा हलला नाही. पट्टा मात्र किंचाळत राहिला.

"पंखा काऊन फिरला?" गजूभाऊसुद्धा चक्रावला.

सुनंदा गाडीतून उतरली. रिलेच्या डब्याचं झाकण तिनं उचललं, आत चिकटवलेला कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काढला त्या घरावर पंख्याचं चित्र आहे. एसीचं, बरफाचं चित्र त्याच्या बाजूच्या घरावर आहे."

मग गजूभाऊची ट्यूब पेटली. चालत्या गाडीत गार येत होतं का, त्यानं विचारलं. येत होतं, सुनंदा म्हणाली, यांनी भास म्हटलं. उभ्या गाडीत फुस्स झालं का? झालं, यांनी ट्रकचे ब्रेक म्हटलं. मी साक्षीदार आणला होता ना? साक्ष चोख झाली.

म्हणजे असं की धावत्या गाडीत वाऱ्यानं जाळी निवत होती. फाटकावर वारा नाही, पंखा मी बंद केलेला. कंप्रेसर बिचारा गॅस दाबतच राहिला, दाब चढत गेला, झडप सुटून गॅस आणि तेल दोन्ही बाहेर. बिनतेलाचा फिरून फिरून तो जागीच बसला. सकाळपर्यंत ठणठणीत होता हो!

टपरीवरून आलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गजूभाऊनं माझ्या हातून मोबाइल घेतला. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. मी साहेब लोकांपुढे धरतो तसाच त्यानं तो माझ्या हनुवटीखाली धरला.

"आता मी विचारतो. एवढा चांगला कंप्रेसर कोणं मारला? नाव सांगा."

जे वाक्य मी जन्मभर अधिकाऱ्यांच्या नावापुढे छापून लोकांना हसवलं, तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"चौकशी करून सांगतो."