पोळा एक दिवस अलीकडे

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. माल कधी बनवायचा, कधी रवाना करायचा, हे मी बघते. माझ्या कॉम्प्युटरवर एक फुकटचा कॅलेंडर प्रोग्राम आहे, जुना, पण माझं ऐकणारा. पुण्याच्या हेड ऑफिसनं दुसराच महागडा घेतला आणि फर्मान काढलं, की सगळ्यांनी आपापली कॅलेंडरं त्याला जोडा. त्यात देशभरातल्या सुट्ट्या आयत्या भरलेल्या होत्या. पोळा मात्र नव्हता. आमच्याकडे पोळ्याला अर्धी कंपनी गावी असते आणि उरलेली अर्धी नुसती नावाला. मी माझ्या प्रोग्रामात पोळा टाकला, त्याची फाइल काढली आणि दिली पाठवून. घ्या म्हटलं.

त्या वर्षी मला पोळ्याला जाणं भागच होतं. नेरजवळ आमचं शेत आहे. बाबा खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते. चुलतभाऊ येऊन म्हणाला, पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोडी मी नेतो. बाबांनी त्याला ‘पाहू’ म्हणून वाटेला लावलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "तू धरशीन का कासरा?"

आमच्या गावात पोळ्यात पोरीनं बैल नेलेले कोणी पाहिले नव्हते. आणि बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले.

मग मीटिंगचं निमंत्रण आलं. नेमकं पोळ्याच्या दिवशी, तेही दुपारचं, ऐन बैल निघायच्या वेळी, व्हिडिओवर. मी हेड ऑफिसातल्या आमच्या साहेबांना फोन लावला तर ते बिचारे गोंधळले. पोळा आदल्या दिवशी आहे ना, म्हणाले, तुम्हीच तर पाठवलाय, आम्ही तो दिवस मुद्दाम मोकळा ठेवला. मी बघितलं, तर खरंच की! माझ्या प्रोग्रामनं पोळा रात्री बारापासून धरला होता. त्यांचा प्रोग्राम चालत होता परदेशी घड्याळावर. आमचे रात्रीचे बारा म्हणजे त्याच्या लेखी आदल्या दिवसाची संध्याकाळ, म्हणून त्यानं पोळा तिथंच नेऊन चिकटवला.

साहेब म्हणाले, आता सगळ्यांच्या तारखा जुळल्यात, या वर्षी तुम्ही आदल्या दिवशीच उरकून घ्या.

"साहेब, पोळा अमावस्येले असते," मी म्हटलं. "तुमच्या सोयीनं नाही."

राग आला की माझी वऱ्हाडी बाहेर पडते, पडू दे. साहेबांनी आवाज खाली आणून सांगितलं, की प्लॅनिंगप्रमुखाची जागा याच मीटिंगमध्ये ठरणार आहे आणि पहिलं नाव तुमचं आहे. ती जागा मला हवी होती. खोटं कायले बोलू? कित्येक वर्षं त्याच कामाची हमाली केली होती मी, नाव दुसऱ्याचं. तरी म्हटलं, मी येत नाही.

गेले गावी. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना बेगड, आणि कासरा माझ्या हातात. रांगेतले एक म्हातारे काका म्हणाले, पोरीच्या हाती जोडी शोभत नाही. बाबांना आम्ही मालवाहू ऑटोत निजवून तोरणापाशी आणलं होतं. ते आतूनच बोलले.

"जोडी माही हाये. पोरगीही माहीच हाये."

काकांनी आपले बैल जरा बाजूला घेतले. तोरण तुटलं, पोळा फुटला, रांगेतले बैल सुटले, आणि जोडी माझ्याबरोबर निघाली. मान ताठ होती माझी.

दुसऱ्या दिवशी मीटिंगचा वृत्तांत आला, हेड ऑफिसपासून आमच्या कंपनीपर्यंत सगळ्यांना गेलेला. माझ्या नावापुढे साहेबांनी लिहिलं होतं, तांत्रिक अडचणीमुळे अनुपस्थित. मला वेगळा निरोपही होता: जागेचा निर्णय पुढे ढकललाय, तुम्हाला सांभाळून घेतलंय, आता काही बोलू नका. माणूस भला आहे, नाही कशाला म्हणू? पण ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. खाटेवरचा माणूस अख्ख्या गावासमोर माझ्यासाठी बोलला, आणि मी इथं तोंड लपवून बसू?

ज्यांना ज्यांना वृत्तांत गेला होता, त्या सगळ्यांना मी उत्तर लिहिलं. "तांत्रिक अडचण नव्हती. पोळा होता. मी माझ्या बापाच्या बैलांचा कासरा धरून उभी होते."

परत वाचून पाहिलं. एक अक्षर बदललं नाही. पाठवून दिलं.