जनरलसाहेबांकडे पाठ

बासष्टच्या लढाईनंतर आमची इंजिनिअर कंपनी जयपूरला आली. पाण्याच्या ट्रेनिंगसाठी शहराबाहेरच्या तलावावर शिडाच्या लहान होड्या होत्या. मी हवालदार, सुकाणूवर. शिडाची दोरी वाईकडच्या सिपाही तुकाराम शिंदेकडे. नेफाच्या आघाडीवरून जिवंत परतलेला हा माणूस राजस्थानात बुडाला. अजून संताप येतो.

होडी ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. वारा ज्या बाजूने येतो त्या कठड्यावर बसायचं, पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ बाहेर पाण्यावर झोकून द्यायची. वारा होडी कलवतो, आपलं वजन तिला सरळ ठेवतं. तुकाराम यात पटाईत. त्याच्या चड्डीची बैठक कधी वाळायची नाही, म्हणून लंगरात पोरं त्याला उभ्यानेच जेवायला लावत.

मे महिन्यात जनरलसाहेब यायचे होते. सलामीचा मंच पश्चिम काठावर, वाराही तिकडूनच. तालमीत मेजरसाहेब भडकले.

"जनरलसाब को पीठ दिखाओगे?"

"साब, अंदर बैठे तो बोट पलटेगी."

"परेड है, पिकनिक नहीं. मंच के सामने बीच में बैठकर सैल्यूट. पाल की रस्सी टाइट. तैरने वाली कॉर्क की जैकेट नहीं, वर्दी छुपती है."

"जी साब." फौजेत यापुढे बोलायची सोय नसते.

जनरलसाहेब आले त्या दिवशी होडीत चढताना तुकाराम म्हणाला, "उस्ताद, ह्या बुटानं पाय पट्ट्यात जाईना झालाय."

"मंच गेला की लगेच बाहेर लव."

"तवर वाऱ्याला बी सावधान करा की."

मंचासमोर आम्ही आत सरकलो. त्याने डाव्या हाताने दोरी ताणून धरली आणि उजव्याने सॅल्यूट ठोकला. काठावर धुळीचा लोट उठलेला मला दिसला. "तुकाराम, बाहेर!" म्हणेपर्यंत होडी आडवी झाली. तो शिडाखाली गेला. मी पुन्हापुन्हा बुडी मारली. हाताला ओलं कापड आणि दोऱ्याच लागत होत्या. काठावरचा बँड थांबायला बराच वेळ लागला.

चौकशीत मला विचारलं, "शिंदे बाहर क्यों नहीं झुका?"

"साब, वो सैल्यूट कर रहा था."



युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. लढाईत नव्हे, खेळात गेला, असं त्याच्या बायकोला कळवलं. दरवर्षी तिथे नावं वाचली जातात, तेव्हा शेवटी मी त्याचं नाव मोठ्याने घेतो. एकदा एका तरुण कॅप्टनने विचारलं, "ये कौन थे? वो खेल में गुजरे, वही?"

"नहीं साब," मी म्हणालो. "हुकुम पर गया."