डाव्या हातानं दिलेली माती

सगळा हॉल हसला. बायकासुद्धा हसल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई तर रुमालानं डोळे टिपत होत्या. थोड्या वेळापूर्वी त्याच रुमालानं त्यांनी पिक्चरमधल्या मेलेल्या लेकरासाठी डोळे पुसले होते. मी स्टेजखाली उभी. हातात केरसुणी.

असं काय बोलले होते मी?

ते कळायचं तर आमची बसायची जागा आधी सांगायला हवी. दौंडला स्टेशनाजवळ साहेबलोकांचा क्लब होता. आई तिथं झाडलोट करायची. तिचे गुडघे धरायला लागले तशी मीही जायला लागले. सतरा-अठरा वर्षांची असेन. क्लबात पिक्चर लागला की झाडणाऱ्यांनी आणि संडास धुणाऱ्यांनी पडद्याच्या मागं, पोत्यावर बसून बघायचं. गोऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. गोरे गेले, आपले साहेब आले. आम्ही घरातले देव भीमेत सोडले, बौद्ध झालो. पोतं मात्र जागचं हललं नाही. आई घोडनदीकडची. तिच्या गावात देवळाच्या पायरीला शिवू देत नव्हते, त्यामुळे फुकटात पिक्चर बघायला मिळतो याचंच तिला अप्रूप.

गोवा सुटून फार दिवस झाले नव्हते. क्लबाच्या सेक्रेटरींनी एका पोर्तुगीज दिग्दर्शकाचे पिक्चर मागवले. तीन संध्याकाळी तीन. कुणीतरी कुरकुरलं, ज्यांना हाकललं त्यांचेच पिक्चर कशाला? सेक्रेटरी म्हणाले, हा त्यांच्या सरकारलाही नकोसा झालेला माणूस आहे. कोळ्यांचे, खाणमजुरांचे, झोपडीतल्यांचे पिक्चर काढतो. "तळातल्या माणसाकडे समोरून कसं बघायचं, ते हा आपल्याला शिकवतो."

हे भाषण मी पडद्यामागून ऐकलं.

दुसऱ्या दिवशीचा पिक्चर दगडाच्या खाणीतल्या बाईचा होता. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मला कुठली वाचता येणार? पण बाई कळत होती. दगड फोडायची, भाकरीसारखं काहीतरी थापायची, लेकराला भरवायची. सगळं डाव्या हातानं. मला वाटलं, खाणीत हिचा उजवा हात कामातून गेलाय. माझा मामा खडी फोडायचा, त्याचा गेला होता. शेवटी तिचं लेकरू मेलं. तिनं डाव्या हातानंच माती दिली. मी पदर तोंडात कोंबून रडले.

दिवे लागले. सेक्रेटरी म्हणाले, आपण बोलतोच, आज त्यांच्यातल्याच कुणाला तरी विचारू या. मला मागून बोलावलं. "बोल पोरी, घाबरू नकोस. काय वाटलं तुला?"

मला खरंच विचारायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, त्या बाईचा उजवा हात कशानं गेला? लेकराला मातीबी डाव्या हातानं दिली तिनं. ते दाखवलंच न्हाई."

तेव्हा हॉल हसला.

सेक्रेटरीही हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं वेडे, हात शाबूत आहे तिचा. तू मागून पाहिलंस ना, मागून सगळं उलटं दिसतं."

पुन्हा हशा. मी थांबले. वाटलं, आता कुणीतरी विचारेल की ही पोर मागं का बसली होती. कुणीही विचारलं नाही. खुर्च्या सरकल्या, माणसं गेली. मी त्यांच्या शेंगांची टरफलं झाडली. अंगाचा नुसता जाळ झाला होता. माझं रडणंसुद्धा यांनी उलटं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पुढच्या दारानं आत गेले आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. शेजारच्या बाई उठल्या. मग त्यांच्या पलीकडच्या. सेक्रेटरी आले, हळू आवाजात म्हणाले, "तुमची जागा ठरलेली आहे."

"तिथनं उलटं दिसतं. कालच म्हणला तुम्ही."

आई मागून लंगडत आली. माझा दंड धरला. "ऊठ गं बाई, पाया पडते तुझ्या. काम जाईल माझं."

"जाऊ दे आई."

"खायचं काय?"

मी उठले नाही. सेक्रेटरींनी मशिनवाल्याला हातानं थांबवलं. मी उठेपर्यंत पिक्चर सुरू होणार नव्हता. गरिबांचा पिक्चर बघायला आलेली सगळी माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनी खेळ रद्द केला. रिळांचे डबे तसेच पुण्याला परत गेले.

आईचं काम दुसऱ्या दिवशी गेलं. तिचे ते गुडघे घेऊन ती रुळांच्या कडेनं जळका कोळसा वेचायला लागली. मीही पाटी घेऊन तिच्याबरोबर. कित्येक दिवस ती माझ्यापासून लांबच वेचायची. तिचा राग खोटा नव्हता. कोळशानं हात फुटायचे तेव्हा मला क्लबातली सावली आठवायची, नाही असं नाही.

पुढं क्लबानं निरोप धाडला. पोरीनं माफी मागावी, आईला परत घेऊ. आईनं माझ्याकडे बघितलं. मी निरोप्याला म्हणाले, "सायबाला सांगा, खुर्ची देत असाल तर येतो आम्ही."

तो पुन्हा आला नाही. आई आठवड्याभरानं बोलली, तेही एवढंच, "पाटी उचल." मी उचलली. त्यानंतर मागच्या दारानं मी कुठंच गेले नाही. कामाला नाही, जेवायला नाही, कुणाच्या मयतालाही नाही. समोरून घेणार असाल तर येईन.