मामाचा क्लेम

सावद्याच्या चुडामणभाऊ पाटलांचा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त क्लेमवर होता. त्या काळी आमच्याकडची केळी रेल्वेच्या डब्यांतून दिल्लीला जायची. डबा वेळेवर पोचला तर देवाची कृपा, आणि वाटेत कुठे अडकून पडला तर रेल्वेवर क्लेम. केळं हा माल कुणासाठी थांबत नाही. बाजूला उभ्या केलेल्या डब्यात ते आपलं निवांत पिकतं, काळं पडतं, आणि शेवटी रुपयातला बारा आणे माल फेकून द्यावा लागतो. अशा वेळी बाकीचे शेतकरी कपाळाला हात लावायचे. चुडामणभाऊ माझ्याकडे यायचे.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. माझ्या हाताखाली मुलांना किती इंग्रजी आलं ते मी सांगत नाही, पण माझं स्वतःचं मात्र चुडामणभाऊंच्या केळ्यांवर चांगलं पोसलं गेलं. क्लेमचा साचा ठरलेला असे. माल काय, निघाला कधी, पोचायला हवा होता कधी, पोचला कधी, आणि पंचांसमोर डबा उघडला तेव्हा रुपयात किती आणे खराब निघाला. भाऊ सांगायचे, मी लिहायचो. मधे एखादं वाक्य अडलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी ते पुरं करायचो. साहेबाला लाज वाटेल असं एखादं वाक्य शेवटी हवंच, असा त्यांचा आग्रह असे. साहेबाला लाज वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण पैसे कधीमधी यायचे.

एक्कावन्न सालच्या माघात त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. भाची म्हणजे कुंदा, फैजपूरला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीची, धुरपदाबाईंची, एकुलती मुलगी. भावा-बहिणीचे आई-वडील दोघंही गेलेले, त्यामुळे धुरपदाबाईंचं माहेर म्हणजे चुडामणभाऊ, आणि कुंदाचा सख्खा मामा म्हणजे तेच एक. आता आमच्याकडे मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही. मामानं तिला हाताला धरून आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि डोक्यावर बांधलेला मानाचा फेटा सगळ्या वऱ्हाडाला दिसेल अशा बेतानं मान ताठ ठेवायची. एवढंच काम, पण ते दुसऱ्यानं करायचं नसतं.

लग्नाच्या आधी भाऊ दिल्लीला गेले होते. अडत्याशी बोलणं होतं, ते वेळेत आटपलं. संध्याकाळची गाडी धरली असती तर गृहस्थ हळदीला फैजपुरात हजर असते. वर्षानुवर्षं ते याच गाडीनं आले-गेलेले. पण अडत्या पडला शहरी माणूस. त्यानं आपण मुंबईला विमानानं कसे जातो याचं वर्णन केलं, आणि ते भाऊंच्या डोक्यात शिरलं.

नकाशा बघितला तर हा बेत कुणालाही सुचणार नाही. दिल्लीहून गाडीनं निघालं की भुसावळ वाटेतच लागतं. विमानानं निघालं की आधी थेट मुंबई गाठायची, तिथून पुन्हा रात्रीच्या गाडीत बसायचं आणि उलटं यायचं. तरीही विमान लवकर जातं या एका आधारावर भाऊंनी त्या दिवशीची गाडी सोडली, दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं आणि सावद्याला तार ठोकली. तार इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडे आली. विमानानं येत आहे, एवढाच मजकूर. संध्याकाळपर्यंत तो सावद्यात, आणि दुसऱ्या दिवशी फैजपुरात घरोघरी पोचला होता. लग्नाच्या पत्रिकेपेक्षा ही तार जास्त लोकांनी वाचली.

विमान दिल्लीलाच बसलं. एका इंजिनाला काय झालं ते कंपनीच्या माणसाला सांगता येईना आणि भाऊंना विचारता येईना. दुपार गेली, संध्याकाळ झाली. भाऊ त्या इंजिनाखाली उभ्या असलेल्या मिस्त्रीजवळ गेले आणि आपल्या हिंदीत त्याला म्हणाले, "डब्बा ऐसा खडा रहा की अंदरका माल जाता है, बावा." मिस्त्रीनं मान हलवली. विमान उडालं ते दुसऱ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्याच दिवशी. गोरज मुहूर्ताला फैजपुरात अक्षता पडल्या तेव्हा कुंदाचा मामा मुंबईच्या स्टेशनावर धोतर सावरत तिकिटाच्या रांगेत उभा होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते फैजपूरला पोचले तेव्हा माणसं मांडवाचे डांब उपटत होती. वरात गेली होती. चुलतभाऊ हिलाल ओट्यावर पान लावत बसला होता आणि मामाचा फेटा त्याच्या डोक्यावर होता. ऐनवेळी कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून हिलालला उभं केलं होतं. या हिलालचं आणि भाऊंचं बांधावरून कधीच पटलं नव्हतं.

"भाऊ, इमान कसं असते?" हिलालनं विचारलं.

भाऊ तसेच घरात गेले. धुरपदाबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊ मला नंतर म्हणाले. त्या जेवणाची चव त्यांना आठवत नव्हती.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. भाऊंनी नेहमीप्रमाणे आपला सालदार पितांबर याला छकडा जुंपून अक्काला, म्हणजे धुरपदाबाईंना, आणायला धाडलं. छकडा रिकामा परत आला. अक्काला बरं नाही, असा निरोप. पितांबर भाबडा, त्यानं वर हेही सांगितलं की अक्का अंगणात पापड वाळत घालत होत्या आणि तब्येत चांगली दिसत होती.

त्या संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. गल्लीत सगळीकडे पोरीबाळींची गाणी चालली होती. ते ओट्यावर बसून गाणी ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, क्लेम करू."

"कुणावर?"

"इमानाच्या कंपनीवर. इमान लेट झालं, मी नही झालो. कंपनीनं लिवून द्यावं की चूक आमची. मंग अक्काले दाखवतो. मले पैसे नको."

मी त्यांना तिकिटाची मागची बाजू वाचून दाखवली. उशिराबद्दल कंपनी कसलीही जबाबदारी घेणार नाही, असं तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "रेल्वेच्या पावतीमागं काय अभंग छापेल असतात?" ते म्हणाले. "लिवा."

आणि त्यांनी क्लेम सांगायला सुरुवात केली. त्यांना दुसरा साचा माहीत नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. माल: नवरीचा सख्खा मामा, नग एक. निघायला हवा होता, निघाला, पोचायला हवा होता, पोचला. नुकसानीच्या रकान्याशी ते थोडे थांबले आणि म्हणाले, "लिवा, रुपयात सोळा आणे." मी लिहिलं. कंपनीच्या मुंबईतल्या साहेबानं हा कागद किती जणांना दाखवला असेल, याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. नुकसान नक्की कोणत्या प्रकारचं झालं ते कळवावं, म्हणजे विचार करता येईल. असं उत्तर केळ्याच्या क्लेमला आलं की पुढची पायरी भाऊंना पाठ होती. पंचनामा. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की माणसाचा पंचनामा करतात तेव्हा तो मेलेला असतो. पण उधळलेल्या घोड्याला लगाम कोण घालणार? त्यांनी सावद्यातली दोन प्रतिष्ठित माणसं गाठली, त्यांना छकड्यात घातलं आणि फैजपूरला धुरपदाबाईंच्या दारात पाठवून दिलं. मुहूर्ताला मामाची जागा रिकामी होती काय, ती कुणी भरली, आणि नवरीच्या आईची त्या वेळी काय अवस्था होती, हे लिहून आणायचं.

धुरपदाबाईंनी पंचांना चहा दिला. त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आणि घराचं दार लावून घेतलं. लग्नात जे चार लोकांना ठाऊक होतं ते आता दोन गावांच्या बाजारात झालं. पंच रिकाम्या हातानं परत आले, आणि पुढच्या आखाजीला छकडा पुन्हा रिकामाच आला. या खेपेला बरं नसल्याचा निरोपसुद्धा नव्हता.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. भाऊंनी उलट जोर धरला. महिन्या-दोन महिन्यांनी एक कागद जायचा. कंटाळून कंपनीनं शेवटी तिकिटाचे निम्मे पैसे मनिऑर्डरनं पाठवले. खाली लिहिलेलं, चूक मान्य न करता केवळ सद्भावनेनं. रेल्वेकडून एवढे सुटले असते तर भाऊंनी गावात पेढे वाटले असते. इथे त्यांनी मनिऑर्डर परत केली. पोस्टमननं पैसे नाकारणारा माणूस तोवर पाहिलेला नव्हता. त्यानं भाऊंना दोनदा विचारलं आणि मग हळूच मला येऊन विचारलं, की भाऊंच्या घरी सगळं ठीक आहे ना.

"सद्भावना त्याहीची त्याहीले," भाऊ म्हणाले. "मले चूक पाहिजे."

त्रेपन्न साली सरकारनं विमान कंपन्या आपल्या ताब्यात घ्यायचं ठरवलं. आमच्या कंपनीचंही दुकान उठायची वेळ आली, आणि तिथल्या कुणा मॅनेजरनं जुनी कागदपत्रं निकालात काढायला घेतली असावीत. ज्या कंपनीला उद्या नावच उरणार नाही तिला चूक कबूल करायला काही लागत नाही. एके दिवशी भाऊंच्या नावानं लांबट पाकीट आलं. इंजिनाची निगा आमच्याकडून नीट राखली गेली नव्हती. उशिराचा सर्व दोष आमचा. प्रवाशाचा त्यात काडीचाही संबंध नाही. आणि आपण आपल्या भाचीच्या लग्नाला मुकलात याचं आम्हाला मनापासून दुःख वाटतं. खाली सही आणि शिक्का.

भाऊंनी माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. नंतर त्यांनी बाजारात जाऊन त्या पत्राला काच आणि चौकट लावून घेतली. मी म्हटलं, पत्र हातात नेलं तरी चालेल. ते म्हणाले, "मास्तर, अक्का वाचू शकत नही. शिक्का त पाहू शकते."

आखाजी जवळ आली होती. आम्ही दोघं फैजपूरला गेलो, चौकट भाऊंच्या मांडीवर. मला वाचायला नेलं होतं. कुंदा आखाजीसाठी आपल्या माहेरी आलेली होती, आत चुलीपाशी तिची कामं चालली होती. धुरपदाबाई दाराशी बसल्या. भाऊंनी चौकट त्यांच्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली, आणि मी ओळ न ओळ मराठीत सांगितली. शिक्का बोटानं दाखवला. सांगून झाल्यावर मला उगीचच वाटलं की आता सगळं मिटलं.

धुरपदाबाई म्हणाल्या, "कंपनीनं लिवलं, बरं केलं. इमान काबरं लेट झालं ते समजलं. आता तू इमानात काबरं बसला ते सांग."

"लौकर पोचाव म्हनून, अक्का."

"आमचेबी डबे दिल्लीले जातात. गाड्या मलेबी माहीत हायेत. गाडीनं तू हळदीले आला असता."

 भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. वाक्य अडलं की मी ते पुरं करायचो. मी मान फिरवली आणि अंगणातल्या म्हशीकडे बघत राहिलो.

"लोकायनं पाहावं म्हनून," भाऊ शेवटी म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "हिलालनं पाहावं, तुह्या सासरच्यायनं पाहावं. कुंदाचा मामा इमानातून उतरला म्हनून सांगत राहावं."

"इमान फैजपुरात उतरनार व्हतं?"

"नही."

धुरपदाबाई हसतील असं मला वाटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मले वाटलं, बाप गेला तशी मी तुले जड झाली," त्या म्हणाल्या. "लग्नात मामाले खर्च करा लागते, म्हनून तू टाळलं. इतके दिवस मी हेच धरून रडली. आन् तू कंपनीले कागद लिवत बसला. त्यातला एक मले लिवला असता चुडामण. कोनाकडूनबी वाचून घेतला असता मी."

भाऊंनी चौकट भिंतीपासून उचलली आणि काच खाली करून बाजूला ठेवून दिली.  जन्मभर दुसऱ्यांच्या चुका रुपया-आण्यांत मोजलेल्या त्या माणसाला स्वतःची कुठून धरायची तेच कळत नव्हतं.

"चुकलं माहं, अक्का," ते म्हणाले.

हे वाक्य मी त्यांना सुचवलेलं नव्हतं.  धुरपदाबाईंनी नाक पुसलं आणि चुलीकडे तोंड करून लेकीला सांगितलं, "कुंदा, ताट घे. तुहा मामा आला."